चार शब्दांची चिठ्ठी

जोवाई, मेघालय
२ मार्च १९९७

बाई, नमस्कार.

तार तुम्हाला मिळाली, असं चढ्ढासाहेब म्हणाले. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. मी फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं हे शशी नेहमी सांगायचा, आणि बूथमध्ये उभं राहून ओरडून सांगावं असं हे नाही. म्हणून लिहिते. माझं मराठी तुम्ही शाळेत पाहिलेलं आहे. चुका असतील, माफ करा.

११ फेब्रुवारीला आम्ही तिघं गुहेत होतो. टीमचे प्रमुख चढ्ढासाहेब, शशी आणि मी. गुहेचं तोंड म्हणजे जंगलातली एक विहीरच आहे. चाळीस फूट दोरावरून उतरायचं. खाली ओढा. ओढ्यातून अर्धा तास चाललं की दोन फाटे लागतात. वरचा फाटा रुंद, कोरडा, वटवाघळांनी भरलेला. त्याला शशीने 'पोटमाळा' नाव दिलं. खालचा फाटा म्हणजे 'सरपटी'. चाळीस मीटर पोटावर सरकत जायचं, पाणी हनुवटीपर्यंत, डोक्यावर वीतभर हवा. तिच्या पलीकडे एक खोली आहे. तिथल्या मातीच्या ओट्यावर आमचं सामान होतं: खाणं, दिव्यांचं कार्बाइड, कोरडे कपडे.

शशी त्या खोलीत फार खूश होता. भिंतभर जीवाश्म आहेत, जुन्या पैशांसारखे गोल. म्हणाला, "लतिके, पाच कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, आणि तू त्याच्या तळाशी बसून चिक्की खातेयस. काही लाज?"

दोर कमी पडला म्हणून मी आणि चढ्ढासाहेब नवा आणायला निघालो. शशी नकाशाचं काम पुरं करायला मागे राहिला. आम्ही वर येतो तोच पाऊस लागला. फेब्रुवारीत असा पाऊस इथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. तासाभरात ओढा ओसरून पायवाटेवर आला. दोराच्या विहिरीचा धबधबा झाला. उतरताच येईना.

आमचा एक नियम आहे: पुरानंतर एकट्याने बाहेर यायचं नाही, सामानापाशी थांबायचं. त्या नियमावर आम्ही ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. तीन दिवस शोधलं. पंधरा तारखेला पुन्हा पाऊस आला आणि सगळं बंद झालं. पाणी अजून उतरलेलं नाही.

बाकीचे दिल्लीला गेले. मी इथेच आहे. शशी सापडेल असं मी लिहीत नाही, बाई. त्याला सोडून आलेली नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक असावं.

तुमची विद्यार्थिनी,
लतिका रणपिसे

*

करोल बाग, नवी दिल्ली
१२ मार्च १९९७

चि. लतिका, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरात माणसं येत असतात. पहाडगंजच्या शाळेतल्या सगळ्या जणी येऊन गेल्या. माझ्या कानाशी तोंड नेऊन 'धीर धरा' असं ओरडतात, मी मान हलवते. खाली मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं दिवसभर ठोकाठोक करतात म्हणे. त्यातलं मला काही पोचत नाही, तसंच हेही.

तुझे वडील फरिदाबादहून आले होते. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मी त्यांच्यासाठी चहा केला. दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. तुला परत बोलवा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात मात्र तेच होतं.

मला एक सांग. तीन दिवस शोधलंत ते कुठे? दोन्ही फाट्यांत, की एकाच?

आणि दुसरं. शशिकांत सहा वर्षांचा असल्यापासून घराबाहेर पडताना चिठ्ठी ठेवतो. दूध आणायला गेला तरी गॅसपाशी कागद. मला हाक ऐकू येत नाही म्हणून लागलेली सवय. त्याने मागे काही लिहून ठेवलं नसेल, हे मला पटत नाही. काही सापडलं असेल तर मला उतरवून पाठव. तुझ्या शब्दांत नको, त्याच्या. अक्षरन् अक्षर.

तुझी,
अलकनंदा देवस्थळी

*

जोवाई
२१ मार्च १९९७

बाई, नमस्कार.

चिठ्ठी होती. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण ती वाचून तुम्ही आशा धरून बसाल असं वाटलं. मीही बसले होते.

दोन फाट्यांपाशी एका दगडावर आम्ही बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला होता. आमचं पोस्ट ऑफिस. शशी आणि मी एकमेकांना मराठीतच लिहायचो. चढ्ढासाहेब चिडायचे, "यार, ये क्या कोड में लिखते हो? इन्कम टॅक्स से कुछ छुपा रहे हो?" शशी म्हणायचा, "सर, घर में मराठी की टीचर है. आदत पड़ गई."

बारा तारखेला दुपारी डब्यात चिठ्ठी मिळाली. पेन्सिलीने, नीट अक्षरात. अशी:

पाणी ओसरलं. वाट बघतो. – श.

चढ्ढासाहेबांनी विचारलं, "क्या लिखा है?"

मी म्हटलं, "पानी ओव्हरफ्लो हो गया, सर. रास्ता देख रहा है."

"कौन सा रास्ता?"

"ऊपर का ही होगा. नीचे तो भर गया."

आमच्या कामात हे रोजचंच होतं, बाई. 'मी डावी वाट बघतो, तू उजवी बघ.' म्हणजे खोलीत पाणी भरलं, तो सरपटीतून कसाबसा निसटला, आणि पोटमाळ्यातून दुसरं तोंड सापडतं का ते बघायला गेला. सरपटीच्या तोंडाशी पाणी गप्प होतं, नेहमीइतकंच दिसत होतं. पण आतलं भरलंय हे त्यानेच लिहिल्यावर तिथे कशाला शिरायचं?

दगडापाशी उथळ डबक्यात मला एक मासा दिसला. पांढरा, डोळे नसलेला. ते मासे फक्त आतल्या खोलीतल्या पाण्यात असतात. म्हणजे खोली खरंच भरून वाहिली होती. मी चढ्ढासाहेबांना तो दाखवलासुद्धा.

तीन दिवस पोटमाळ्यात घालवले. वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग गुडघ्यापर्यंत आहेत. त्यांवर पांढरे किडे आणि पंजाएवढे कोळी. त्या ढिगांत पाय पडला तर ठसा मेणात उमटावा तसा उमटतो. एकही ठसा मिळाला नाही. मी प्राण्यांचा अभ्यास करणारी, ठसे बघणं माझंच काम. मी म्हटलं, तो कडेच्या खडकावरून गेला असेल. हाका मारून माझा घसा बसला.

तुम्ही विचारलंत ते हे. अक्षरन् अक्षर.

लतिका

*

करोल बाग
५ एप्रिल १९९७

चि. लतिका,

पत्र पोचलं. चिठ्ठी वाचली.

त्या खालच्या खोलीत खाणं किती दिवसांचं होतं? उजेड किती दिवस पुरला असता? आत थंडी किती असते? अंदाजाने नको, नक्की लिही.

बाकी मला काही विचारायचं नाही. तब्येत जप.

अलकनंदा देवस्थळी

*

जोवाई
१६ एप्रिल १९९७

बाई,

खाणं एका माणसाला सहा दिवस पुरलं असतं. कार्बाइड पाच दिवस. आत बारा महिने अठरा-एकोणीस अंश असतं. कोरडा माणूस राहू शकतो, ओला कुडकुडतो.

पण ते सगळं खोलीत होतं, आणि खोली तर पाण्याखाली गेली. त्याच्या खिशात दोन चिक्क्या असतील, जास्त नाही. तुम्ही हे का विचारता मला कळत नाही. माझ्यावर रागावला आहात का? तुमचं पत्र एवढंसं होतं. तुम्ही कधी एवढंसं लिहीत नाही.

पाऊस सुरू झाला. गावातले लोक म्हणतात, आता नोव्हेंबरपर्यंत आत जाणं नाही. मला महिनाभर खोकला आहे, रोज संध्याकाळी ताप. परवा निघते.

लतिका

*

फरिदाबाद
२९ जुलै १९९७

बाई, नमस्कार.

तीन महिने लिहिलं नाही. मे आणि अर्धा जून मी हिंदूराव हॉस्पिटलमध्ये होते. वटवाघळांच्या विष्ठेत एक बुरशी असते, ती फुप्फुसात गेली. डॉक्टर म्हणाले, "बेटा, दिल्ली में धूल कम पड़ गई थी जो मेघालय गई?" तिथे पहिल्यांदा हसले, आणि मग खोकला थांबेना.

शाळेतल्या सगळ्या बाई येऊन गेल्या. तुम्ही आला नाहीत. करोल बागेपासून हिंदूराव किती लांब आहे, मला ठाऊक आहे. तक्रार नाही. मी परत आले आणि तो आला नाही. मला बघावंसं वाटणार नाही, हे मी समजू शकते. म्हणून मीही तुमच्याकडे येत नाही, पत्रच लिहिते.

लिहायचं कारण वेगळं आहे. नोव्हेंबरअखेर आम्ही पुन्हा जातोय. परवानगी फक्त पंधरा दिवसांची आहे, आणि ही शेवटची. पुढच्या वर्षी त्या डोंगरावर चुनखडीची खाण सुरू होणार, मग कोणाला आत सोडणार नाहीत. म्हणून चढ्ढासाहेबांनी आणि मी नकाशावर ठरवलं: पंधराचे पंधरा दिवस पोटमाळा. शेवटी तो अरुंद होत जातो, तिथे आम्ही गेलोच नव्हतो. शशी तिकडेच गेला असणार. सरपटीत वेळ घालवायचा नाही.

मी त्याला घेऊन येईन, बाई. एवढं एक मला तुमच्यासाठी करायचं आहे.

लतिका

*

करोल बाग
६ ऑगस्ट १९९७

चि. लतिका, आशीर्वाद.

तू बरी झालीस, हे वाचून खरंच बरं वाटलं. मी तुझ्यावर रागावलेली नाही. हे वाक्य तू दोनदा वाच.

पंधरा दिवसांतला एक दिवस खालच्या खोलीला द्या. एकच. सुरुवातीलाच द्या, म्हणजे उरलेले चौदा तुम्हाला मोकळे.

कारण विचारू नकोस. म्हातारीच्या मनाने घेतलं आहे असं समज. चढ्ढासाहेबांनाही तसंच सांग. इतक्या वर्षांत मी कोणाकडे हट्ट केलेला नाही. शशिकांतच्या वडिलांच्या आजारपणातही नाही. हा एक करते आहे.

तुझी,
अलकनंदा देवस्थळी

*

फरिदाबाद
१४ ऑगस्ट १९९७

बाई,

तुमचं पत्र घेऊन मी चढ्ढासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम को समझाओ. एक दिन मतलब दो सौ मीटर. किस तरफ के दो सौ मीटर छोड़ूँ?"

मलाही तेच वाटतं. तुमच्या मनाला मी नाही म्हणत नाही, पण नुसत्या मनाच्या सांगण्यावर पंधरातला एक दिवस घालवता येत नाही. तो खाली नाही हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तुमचा नाही का?

लतिका

*

करोल बाग
२ सप्टेंबर १९९७

लतिका,

हे पत्र मी एप्रिलमध्ये लिहायला हवं होतं.

ओसरणं म्हणजे कमी होणं. मागे हटणं. पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते. भरून बाहेर सांडतं ते ओसंडणं. दोन्ही शब्द 'ओस'ने सुरू होतात, आणि अर्थ एकमेकांच्या उलट आहेत.

तुझ्या पहिल्या पत्रात 'ओढा ओसरून पायवाटेवर आला' असं होतं. मला वाटलं, पोर घाबरलेली आहे, घाईत चुकली. मग चिठ्ठीचं पत्र आलं आणि कळलं की चूक घाईची नव्हती.

शशिकांतने लिहिलं: पाणी उतरलं आहे, मी तुमची वाट बघतो आहे. बस. तो सरपटीतून डब्यापर्यंत आला, वाट मोकळी असल्याचं तुम्हाला कळवलं, आणि तुमच्याच नियमाप्रमाणे सामानापाशी जाऊन बसला. ठसे मिळाले नाहीत कारण तो वर गेलाच नव्हता. तो मासा डबक्यात अडकला होता, कारण पाणी त्याला तिथे टाकून मागे गेलं होतं. म्हणून मी तुला खाण्याचं विचारलं. सहा दिवस, तू लिहिलंस. मी ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि आठवडाभर पोळ्या केल्या नाहीत.

आता माझं ऐक. दहावीच्या सहामाहीत तुझ्या निबंधात 'दूध ओसरून गॅसवर सांडलं' असं वाक्य होतं. पेपर मी घरी तपासत होते. शशीने ते वाचलं आणि हसून लोळला. "आई, गॅसवर सांडलं तर ओसरलं कसं?" मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली नाही. घरी हिंदी बोलणारी, रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी चार पानं मराठी लिहिते, याचंच मला कौतुक होतं. रेघा मारल्या की मुलं हिरमुसतात आणि पुढच्या वर्षी मराठी सोडतात. अशा चुका मी तीस वर्षं सोडत आले. चांगली बाई म्हणून माझं नाव होतं ते त्यामुळे.

१६ मेला मी हिंदूरावच्या फाटकापर्यंत आले होते. हातात मोसंब्यांची पिशवी होती. वर आले असते तर तुझ्या तोंडाकडे बघून सांगून टाकलं असतं, म्हणून परत फिरले. मोसंबी बसमधल्या एका बाईच्या मुलांना दिली.

तुला कधीच सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण खरं काय ते कळण्याचा तुझा हक्क आहे. तो मी किती दिवस दाबून ठेवू?

खालच्या खोलीत बघा.

अलकनंदा देवस्थळी

*

जोवाई
११ डिसेंबर १९९७

बाई,

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की प्रत्येक शब्दावर थांबायचे. 'थांबणं' म्हणजे थांबणंच ना? हेही कोशात बघितलं.

चढ्ढासाहेबांना मी ऑफिसात, सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, "पानी तो मैंने भी देखा था, लतिका. मुझे भी दिखना चाहिए था." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकावासा वाटला, पण झटकला नाही.

३ डिसेंबरला सरपटीत शिरलो. पाणी फेब्रुवारीत होतं तेवढंच. पलीकडे जायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं, बाई.

शशी ओट्यावरच होता. त्याच्यावर पावसाळ्याचा गाळ बसलेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नकाशाची वही खाण्याच्या एका रिकाम्या डब्यात होती. डबा त्याने चुन्याच्या खांबाला, हात पोचेल तेवढ्या उंचीवर बांधला होता. वही कोरडी आहे. मी ती तिथेच वाचली. तुमच्यापासून काही लपवणार नाही, वही तुमच्या हातात येणारच आहे.

चिठ्ठी ठेवून परत जाताना सरपटीत एक दगड सरकला आणि त्याचा घोटा मोडला. कसाबसा ओट्यावर पोचला. परत यायचा दोनदा प्रयत्न केला, पाय ओढवेना. मग थांबला. १३ तारखेची नोंद अशी आहे: 'वर पोटमाळ्यात आवाज. लतिका हाक मारते आहे. ओरडलो. वर का गेलेत?' १४ ची: 'अजून वरच आहेत.' तिच्याखाली, त्याच दिवशी: 'आंधळे मासे सात, उथळ पाण्यात अडकलेले. ल.ला सांगायचे.'

भिंतीवर त्याने दर काही तासांनी पाण्याची पातळी दिव्याच्या काजळीने लिहून ठेवली होती. प्रत्येक रेघेपाशी वेळ. सात रेघा एकीखाली एक उतरत जातात. मग चार वर चढतात. शेवटची माझ्या खांद्याच्या वर आहे. तिच्यापाशी वेळ लिहिलेली नाही.

मी ओला रुमाल घेऊन त्या पुसायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. चुनखडीवरून काजळी जात नाही. चढ्ढासाहेबांनी माझा हात धरला. म्हणाले, "रहने दो. इस पर चूना जम जाएगा, अंदर रह जाएगी."

कागदपत्रं झाली की चढ्ढासाहेब त्याला घेऊन येतील. घाटावर मी येणार नाही.

आणि बाई, आभार. तुम्ही गप्प राहू शकला असता. मी पंधरा दिवस पुन्हा पोटमाळ्यात हाका मारत फिरले असते आणि जन्मभर स्वतःला शहाणी समजत राहिले असते. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुम्ही माझ्या हक्काचा विचार केलात. दुसऱ्या कोणी केला नसता.

लतिका

*

करोल बाग
२८ डिसेंबर १९९७

लतिका,

शुक्रवारी निगमबोध घाटावर सगळं झालं. अग्नी मीच दिला. गुरुजी त्यावर काहीतरी बोलत होते, पण मला ऐकू आलं नाही, म्हणून वाद झाला नाही. चढ्ढासाहेब मागे उभे राहून लहान मुलासारखे रडले. त्यांना मीच पाणी दिलं.

वही वाचली. पुन्हा वाचणार नाही.

तुझे वडील काल येऊन गेले. तू परत आलीस, हे त्यांच्याकडून कळलं. तू नीट जेवत नाहीस, खोलीतून बाहेर येत नाहीस, कामावर राजीनामा पाठवलास. कोणाशी बोललीसच तर हिंदीत, मराठीचा एक शब्द तोंडातून काढत नाहीस, म्हणाले. "बाई, ती तुमचं ऐकेल. तिला समजवा." मी हो म्हटलं आणि हे लिहायला बसले.

तुझे आभार मला घेता येत नाहीत. हक्काचं जे मी लिहिलं ते खोटं होतं.

एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मी तुला वाचवत होते, ते खरं. गप्प राहायला फार जड गेलं, पण मी ते करत होते. मग तू लिहिलंस की खाली बघणार नाही, आणि परवानगी शेवटची आहे. त्या दिवशी तू किंवा तो, असं माझ्यापुढे आलं. तू जिवंत होतीस. तो नव्हता. तो त्या ओट्यावर राहिला असता तर त्याचं आणखी काहीच बिघडणार नव्हतं. तुझं सगळं बिघडणार होतं, आणि ते मला कळत होतं. बाईला आपली मुलं ओळखता येतात. हे वाचून तू कशी होशील, हे मी तीन आठवडे रोज डोळ्यांपुढे आणलं, आणि मग पत्र पेटीत टाकलं. मला माझा मुलगा हवा होता.

मिळाला. शुक्रवारी सकाळी मिळाला आणि दुपारी संपला. मला वाटलं होतं, त्यानंतर घरात काहीतरी वेगळं वाटेल. वाटत नाही. त्याच्यासाठी मी तुला दिलं, आणि हातात काही राहिलं नाही.

तुला समजवायला माझ्यापाशी दुसरं काही नाही, एवढंच आहे. तुझी चूक नकळत झाली. ती तुला कळावी, हे मी समजून उमजून केलं. स्वतःवर धरलेला राग सोडवत नसेल तर तो इकडे पाठव. पत्ता तुझ्याकडे आहे.

अलकनंदा देवस्थळी